खोट कागदात होती

पांढरकवड्याच्या एसटी आगारातल्या एका वाहकाच्या घरी खुंटीला पिवळी प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली असायची. तिच्यात सातबाऱ्याचा उतारा, लेआउटच्या नकाशाची झेरॉक्स, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवरची इसारपावती, पगारपत्रकांचा गठ्ठा आणि अगदी तळाशी, पाहुण्यारावळ्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून दडवलेल्या, गोळ्यांच्या दोन पट्ट्या. घराचे कागद आणि मनाचं औषध एकाच पिशवीत. पिशवी खाली काढली की दोन्ही एकदम हाताला लागायचं.

हा वाहक म्हणजे कुणी एकच माणूस नव्हे. घराचा व्यवहार मोडला आणि त्याच वेळी घरातलं कुणी नैराश्यावर उपचार घेत होतं, अशा अनेक घरांचे धागे जोडून मी तो उभा केला आहे, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडणार नाही. आगार मात्र खरं आहे, गाव खरं आहे आणि वाहकाला आडवे आलेले कायदेही खरे आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या या तालुक्याचं नाव केळापूर, पण तहसील, न्यायालय, बँका, बाजार सगळं पांढरकवड्याला. केळापूर गाव लोकांना ठाऊक आहे ते जगदंबा देवीमुळे. नागपूर–हैदराबाद महामार्ग इथूनच तेलंगणाकडे उतरतो. महामार्गामुळे जागांचे भाव वाढले, शेतांचे लेआउट पडले, आणि भाड्याच्या दोन खोल्यांत संसार करणाऱ्या नोकरदाराला वाटू लागलं की आता नाही घेतलं तर कधीच घेता येणार नाही. ‘घर पाहावं बांधून’ असं आपली म्हण सांगते. ती रूढ झाली तेव्हा घरं बांधली जायची. अडचण आली तर विटांची, पाण्याची, गवंड्याची यायची. आता घर आधी विकत घ्यावं लागतं, आणि विकत घेण्यातल्या अडचणी कागदाच्या असतात. कागदाची अडचण डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच ती मनात घुसते.

वाहकाला पहिला धक्का सिबिलचा बसला. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला. पगार थांबले, आणि आईच्या ऑपरेशनसाठी काढलेल्या वैयक्तिक कर्जाचे हप्ते थकले. संप मिटल्यावर त्यानं ते भरलेही, पण पतनोंदीत थकबाकी राहिली. सिबिलचा गुणांक 300 ते 900 च्या दरम्यान असतो आणि त्यात ‘संप होता’ असं लिहायला जागा नसते. बँकेतल्या साहेबांनी संगणकाकडे बघत सांगितलं, ‘सध्या होणार नाही.’ त्यातला ‘सध्या’ त्याला ऐकूच आला नाही. तो घरी येऊन एवढंच बोलला, ‘होणार नाही.’

नैराश्याचं काम असं चालतं. ते धडधडीत खोटं फारसं बोलत नाही. वाक्यातला एखादा शब्द तेवढा गाळतं. अमेरिकेत 1960 च्या दशकात ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञानं आपल्या रुग्णांचं बोलणं बारकाईनं ऐकलं, तेव्हा त्याला तीन गोष्टी सतत आढळल्या: स्वतःबद्दल वाईट मत, जगाबद्दल वाईट मत आणि उद्याबद्दल वाईट मत. आपल्या बोलीत सांगायचं तर, माझ्यात काही दम नाही, लोक काही करू देणार नाहीत, आणि पुढंही असंच राहणार. बँकेचा नकार या तिन्हींत चपखल बसतो. ठणठणीत मनाचा माणूस नकार ऐकून वैतागतो, दोन शिव्या देतो आणि दुसऱ्या बँकेत जातो. खचलेल्या माणसाला त्या नकारात जुन्याच निकालावरची सही दिसते.

वर्षभरानं गुणांक सुधारला. पतनोंदीचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो आणि त्यात चूक असेल तर तक्रार केल्यावर ती 30 दिवसांत तपासावी लागते, हे त्याच्या साळ्यानं शोधून काढलं. अहवालात एक चुकीचा हप्ता सापडला, दुरुस्त झाला. मग गावाच्या कडेला एक प्लॉट पसंत पडला. 50 हजारांचा इसार दिला. घरात पेढे आले, आगारात वाटले गेले, पानठेल्यावर बातमी पोचली. आईनं तुळशीवृंदावन कुठं असेल ते प्लॉटवर उभं राहून दाखवलं.

बँकेच्या वकिलानं जुने फेरफार काढले आणि व्यवहार तिथंच थांबला. ती जमीन मूळची एका आदिवासी खातेदाराची होती. 1980 च्या सुमाराला ती दुसऱ्याच्या नावावर चढली होती, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा कागद कुठंच नव्हता.

इथं थोडं थांबायला हवं, कारण केळापूर तालुक्यात जागा घेणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत हा कायदा येऊ शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 1974 साली कलम 36-अ घालण्यात आलं. 6 जुलै 1974 पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि जिल्हाधिकाऱ्यांनाही ती देण्याआधी राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. त्याच सुमारास दुसरा कायदा झाला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात हातातून गेलेल्या जमिनी आदिवासींना परत मिळवून देण्यासाठी तो होता. हे कायदे उगाच झाले नाहीत. दारूच्या उधारीत, सावकाराच्या आकड्यात, कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यात कोलाम आणि गोंड कुटुंबांच्या जमिनी गेल्या होत्या. बँकेचे वकील सहसा मागच्या तीस वर्षांचा शोध घेतात, आणि 1974 त्याच्याही पलीकडे राहतं. म्हणून इथं जमीन घेताना पहिल्या फेरफारापर्यंत मागं जायला हवं. सातबाऱ्यावर आज कुणाचं नाव आहे एवढं पाहून भागत नाही. ‘इतर हक्क’ हा रकानाही वाचावा लागतो आणि मूळ खातेदार कोण होता हे तलाठ्याकडे विचारावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे: तो व्यवहार मोडला हे बरंच झालं. एका कुटुंबाचं घर दुसऱ्या कुटुंबाच्या गेलेल्या जमिनीवर उभं राहू नये. आणि स्वार्थानं पाहिलं तरी, वीस वर्षं हप्ते फेडल्यावर नोटीस येण्यापेक्षा इसाराच्या टप्प्यावर अडलेलं चांगलं. वाहकालाही हे कळत होतं. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यानं स्वतःच आईला समजावून सांगितलं. पण रात्री दोन वाजता तो उठून बसला, आणि बायकोला जाग आली तेव्हा म्हणत होता, “माह्या नशिबात घरच नाई. मी हात लावला का बिघडतेच.”

डोक्याला कळलेलं मनाला पटत नाही, याचं कारण काय? लंडनच्या कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी सर्वसामान्य बायकांशी तासन्‌तास बोलून नैराश्याची मुळं शोधली. त्यांचं पुस्तक 1978 साली आलं. घटना किती मोठी यापेक्षा त्या माणसाच्या आयुष्यात तिचा अर्थ काय, हे त्यांनी पाहिलं. मन मोकळं करता येईल असं जवळचं माणूस ज्यांना नव्हतं, त्यांना आघातानंतर नैराश्य येण्याचा धोका जास्त होता. ब्राउन यांच्या पुढच्या कामातून आणखी एक गोष्ट दिसली: नुसत्या नुकसानीपेक्षा, ज्या नुकसानीत मानहानी असते किंवा कोंडी होते, ती माणसाला जास्त खचवते.

घराच्या मोडलेल्या व्यवहारात हे दोन्ही असतं. पेढे वाटलेले असतात, म्हणून मानहानी. घरमालकानं खोली सोडायला सांगितलेली असते, म्हणून कोंडी. पानठेल्यावर कुणी सहज विचारतं, ‘काय झालं हो प्लाटचं?’ विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण उत्तर देणाऱ्याची जीभ टाळूला चिकटते. मग तो पानठेल्यावर जाणं सोडतो, मग भजनाला जाणं सोडतो, मग रजा टाकून भिंतीकडे तोंड करून पडतो. जेवढा पडून राहतो तेवढं मन आणखी बसतं.

हे चक्र कुठून तोडायचं याचं एक चांगलं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात तपासलं गेलं आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ‘संगत’ या संस्थेनं तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत जवळपास 500 रुग्णांवर एक साधी पद्धत वापरून पाहिली. रुग्ण मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे होते. सल्ला देणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली गावातलीच माणसं होती. सहा ते आठ भेटी. मनातले विचार खोदत बसण्याऐवजी दिवसाकडे बघायचं: सकाळी काय केलं, कुठली कामं सुटली, त्यातलं कुठलं एक उद्या करता येईल. मूड सुधारला की काम करू, असं नाही. काम आधी, मूड मागून येईल. तीन महिन्यांनी या पद्धतीतले 64 टक्के रुग्ण आजाराच्या बाहेर होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

वाहकाच्या बायकोनं लॅन्सेटचं नाव ऐकलेलं नव्हतं. तिनं मुलाची जुनी वही घेतली आणि मधून घडी घातली. डावीकडे लिहिलं ‘कागद’, उजवीकडे ‘दिवस’. कागदाच्या बाजूला इसार परत मागणं, वकिलाची फी, घरमालकाशी बोलणं. दिवसाच्या बाजूला आंघोळ, डबा, ड्युटी, गोळी, संध्याकाळी आईला देवीच्या देवळात नेणं. आणि तिनं एक वाक्य सांगितलं, जे मला या विषयावरच्या बऱ्याच पुस्तकांपेक्षा नेमकं वाटतं: “वकिलानं कागदात खोट सांगतली, तुमच्यात नाई.” पहिल्या आठवड्यात त्यानं उजव्या बाजूच्या दोनच गोष्टी केल्या, गोळी आणि आंघोळ. तिनं त्या दोन्हींवर पेनानं बरोबरची खूण केली. न झालेल्या कामांवर फुली मारली नाही. त्याच आठवड्यात गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीतून निघून देवळीत, पाण्याच्या तांब्याशेजारी आल्या.

डावी बाजू साळ्यानं उचलली. “भाटवे, कागदाचं मी पाहतो, तुमी फक्त सहीले या.” ही वाटणी आळशीपणाची नाही, उपचाराचाच भाग आहे. नैराश्यात एकाग्रता जाते, साधे निर्णय डोंगराएवढे होतात. अशा माणसाला एकाच आठवड्यात विक्रेता, वकील, बँक आणि घरमालक यांच्याशी भांडायला लावणं म्हणजे पाय मोडलेल्या माणसाच्या पाठीवर पोतं देण्यासारखं आहे.

खचलेल्या मनाला दोन उलट प्रकारची घाई सुटते. एक म्हणजे, जाऊ दे, इसार बुडाला तर बुडाला, सगळं संपवू. दुसरी, आत्ताच्या आत्ता दुसरा प्लॉट घेऊन टाकू, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. दोन्ही वेळा घाई आजाराची असते, व्यवहाराची नसते. कायदा इतकी घाई करत नाही. विक्रेत्याच्या हक्कातच खोट असेल, तर खरेदीदारानं मागं फिरण्यात चूक नसते आणि दिलेला इसार परत मागण्याचा त्याला हक्क असतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं ही रक्कम सुरक्षित धरली आहे. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. लेखी मागणीची नोटीस लवकर पाठवावी, स्पीड पोस्टानं पाठवावी, पोचपावती जपून ठेवावी. बाकी निर्णय मन सावरेपर्यंत थांबू शकतात. नवा इसार तर नक्कीच थांबू शकतो. पुढच्या वेळी इसारपावतीत एक ओळ आधीच घालून घ्यावी: हक्क निर्वेध नसल्यास किंवा कर्ज मंजूर न झाल्यास इसार पूर्ण परत. ही ओळ लिहायला लाज वाटण्याचं कारण नाही.

आणखी एक भीती अनेकांच्या मनात असते आणि कुणी ती बोलून दाखवत नाही. मी डोक्याच्या डॉक्टरची गोळी घेतो, मग माझी सही चालेल का? माझं खरेदीखत उद्या कुणी रद्द तर करणार नाही? करार कायदा ‘विकल मना’च्या माणसाला करार करू देत नाही, हे खरं. पण आजार आणि विकल मन या कायद्याच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 यातल्या कलम 3 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की, केवळ मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस विकल मनाचा ठरत नाही; तसं फक्त सक्षम न्यायालयच ठरवू शकतं. नैराश्यावर उपचार घेणारा माणूस घर घेऊ शकतो, कर्ज घेऊ शकतो, दुय्यम निबंधकासमोर ताठ मानेनं अंगठा आणि फोटो देऊ शकतो.

गोळीबद्दलही सांगायला हवं, कारण पैशाची ओढाताण झाली की घरातला पहिला खर्च तिचाच कापला जातो. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यानंतरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. मधेच एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असा त्रास होतो आणि आजार उलटण्याची भीती असते. बंद करायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. पांढरकवड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. सत्तरेक किलोमीटरवर यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारांचा विभाग आहे. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या 14 जिल्ह्यांसाठी राज्य शासनानं ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात यवतमाळ आहे. घरोघरी जाणाऱ्या आशाताईंना मनाच्या आजाराची लक्षणं ओळखायला त्यात शिकवलं गेलं. मदत दाराशी आली की लोक ती घेतात, याचा पुरावा शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मिळाला. तिथल्या 30 गावांत ‘विश्राम’ या उपक्रमातून गावच्याच कार्यकर्त्यांनी काम केलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम 4 टक्के लोक मदतीपर्यंत पोचत होते. नंतरच्या पाहणीत हे प्रमाण 27 टक्क्यांवर गेलं. गावं तीच होती. दार उघडं झालं, एवढंच.

वाहकाचा इसार आठ महिन्यांनी दोन तुकड्यांत परत आला. त्याचं अजून घर झालेलं नाही. घरमालकानं खोली खाली करायला सांगितल्यावर त्यानं आगाराजवळ भाड्याचं घर घेतलं, आणि यावेळी अकरा महिन्यांचा लेखी करार केला. आईनं तिथं कुंडीत तुळस लावली. तो ड्युटीवर जातो, पानठेल्यावर थांबतो, आणि कुणी विचारलं तर सांगतो, “कागदात लोचा होता, सोडला.”

ज्यांच्या घरात असा माणूस आहे, त्यांच्याशी थोडं बोलायचं आहे. व्यवहार मोडला त्या दिवशी त्याला ‘जाऊ द्या, दुसरं मिळेल’ असं लगेच सांगू नका. त्याचं खरंच काही गेलेलं आहे, ते त्याला बोलू द्या. ‘तुम्हाला घर लाभत नाही’ हे वाक्य घरात कुणालाही उच्चारू देऊ नका, चेष्टेतही नाही. तो झोपत नसेल, जेवण सोडलं असेल, निरवानिरवीची भाषा करत असेल, तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. शिरलेला असेल तर बाहेर यायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, किंवा नुसती मान खाली गेली, तर त्याला एकटं सोडू नका. आपल्या जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी फवारणीचं औषध असतं. ते त्याच दिवशी घराबाहेर काढा, कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. आणि रात्र कितीही झालेली असली तरी 14416 फिरवा. केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली ही ‘टेलिमानस’ सेवा चोवीस तास, फुकट आणि मराठीतून चालते. सकाळी त्याला दवाखान्यात एकटा पाठवू नका. गाडीवर मागं बसवा आणि स्वतः घेऊन जा.